मनगट धरणारी पोर

द्राक्षाची बाग फुलोऱ्यात असतानाच पाऊस लागला आणि शेखरचं तोंड उतरलं. दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडायचे दिवस, आणि आभाळ मात्र आषाढासारखं खाली आलेलं. निफाडकडच्या त्या काळ्या रानात पाय ठेवला की चिखल चपलेला धरून ठेवायचा. घडांत पाणी साचून काही घड कुजायला लागले होते, काहींचे कोवळे मणी नुसता हात लागला तरी गळत होते. शेखर दिवस उजाडायच्या आत ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचा आणि औषधाच्या फेऱ्या मारत राहायचा. मोरचुदाचा निळसर रंग त्याच्या नखांत बसला होता. जेवताना भाकरीवरही तो दिसायचा.

त्याची आई साळूबाई पेठकडून आलेल्या मजुरांच्या टोळीबरोबर बागेत राबत होती. कुजका घड कात्रीनं कापायचा, पाटीत टाकायचा, वेल हळूच झटकून पाणी पाडायचं. मान सतत वर. दुपारपर्यंत मानेत गोळा यायचा, आणि झटकलेलं थंड पाणी कोपरावरून थेट काखेत उतरायचं. नवरा रंगनाथ भरलेल्या पाट्या उचलून बांधापलीकडं खड्ड्यात ओतायचा. दोघांचंही वय झालं होतं, पण ह्या दिवसांत वयाकडं बघायला कोणाला सवड नव्हती.

नात तेजस्विनी ओळीच्या तोंडाशी पोत्यावर बसलेली असायची. तिचं तिसरं वर्ष सरत आलं होतं. ठिबकच्या नळीची काळी टोपणं ती एकामागे एक मांडायची. रांग पुरी झाली की मोडायची, पुन्हा मांडायची. मधलं एखादं टोपण कोणी उचललं तर मात्र गळा फाटेस्तोवर रडायची. न उचललं तर दिवसभर तिचा आवाज नाही. टोळीतल्या बाया म्हणायच्या, असं गुणी लेकरू बघितलं नाही. रानात नेलेली पोरं आयांना काम करू देत नाहीत, आणि ही बघा.

तेजूजवळ बसून दुपारची भाकर खाताना साळूबाईला तिचं माहेर आठवायचं. सटाण्याच्या पुढं, आरम नदीच्या काठचं गाव. कांद्याचे वाफे, विहिरीवरचं इंजिन, त्याच्या डिझेलचा वास. ह्याच वेळी का आठवतं, ह्याचा तिनं कधी विचार केला नव्हता. पोरीला काही हवं असलं की ती आजीचं मनगट धरायची आणि तिचा हात डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवायची. तोंडाकडं बघायची नाही, फक्त हाताकडं. आईजवळ असं ती क्वचित करायची, बापाजवळ कधीच नाही. साळूबाईला त्याचं फार कौतुक होतं.

“मपल्या हाताशिवाय चालत नाय तिला,” ती बायांना सांगायची.

एका सकाळी अंगणवाडीच्या शुभांगीताई चिखल तुडवत बांधापर्यंत आल्या. “दवाखान्याची गाडी येऊ राह्यली,” त्या म्हणाल्या. “सगळ्या लेकरांची तपासणी हे. तेजूला घेऊन या. मागच्या वेळेलाबी तुमी आल्या नव्हत्या.”

सून पूजा त्या वेळी औषधाचं पाणी कालवत होती. तिनं हात धुतले, तेजूला नवा फ्रॉक घालायला गेली, तशी पोरगी आडवी पडून किंचाळायला लागली. शेवटी जुनाच विटका फ्रॉक घालून सासू-सुना तिला घेऊन निघाल्या.

अंगणवाडीच्या खोलीत आया पोरांना कडेवर घेऊन दाटीनं उभ्या होत्या. डॉक्टरीण तरुण होती, तृप्ती मॅडम म्हणून. वजन झालं, उंची झाली, दंडाला पट्टी लावून झाली. मग मॅडमनं पूजाला समोर बसवलं.

“बाळ काय काय बोलतं?”

“आई म्हणती. पप्पा म्हणती,” पूजा म्हणाली.

साळूबाईनं सुनेकडं बघितलं. पूजाची नजर खाली होती.

“हाक मारल्यावर बघते?”

“बघती की.”

मॅडम उठून तेजूच्या मागं गेली. “तेजस्विनी,” तिनं हाक मारली. पुन्हा मारली. तेजू वजनकाट्याचा आकडा हलत होता त्याच्याकडं टक लावून बसली होती. मग मॅडमनं टेबलाआड बिस्किटाच्या पुड्याचा कागद हळूच चुरगाळला. त्या एवढ्याशा आवाजाला पोरीची मान गर्रकन वळली.

“ऐकू येतंय म्हणजे,” मॅडम स्वतःशीच म्हणाली आणि पूजाकडं वळली. “काही आवडलं की बोट करून दाखवते का? विमान, कुत्रं, चांदोबा?”

“दाखवती.”

“आणि काही हवं असलं तर? मोठ्या माणसाचा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवते, असं होतं का? म्हणजे माणसाकडं बघत नाही, हात तेवढा वापरते?”

साळूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटत होतं ते कौतुक तिच्या एकटीचं, तिच्या घरातलं. आणि इथं ही परकी पोरगी ते विचारत होती, ताप येतो का विचारावं तसं.

“धरती,” ती म्हणाली. “मपलं मनगट धरती. आणि बोट नाय करत, मॅडम. एकदाबी नाय. बोलतबी नाय. ही लाजून सांगू राह्यली.”

मागं कोणीतरी हसली. पूजाचे कान लाल झाले.

“बरं केलं सांगितलं, आजी,” मॅडम म्हणाली. “हे बघा, ही नुसती चाळणी आहे. चाळणीवर राहिलं म्हणजे खडाच असतो असं नाही. पण हातात घेऊन बघायला लागतं. नाशिकला मोठ्या दवाखान्यात लहान मुलांचं वेगळं केंद्र आहे. तिथं दाखवा. आणि आत्ताच दाखवा. शाळेत जाईल तेव्हा बघू, असं करू नका.”

घरी येताना पूजा पुढं चालत होती. पुलाजवळ आल्यावर ती थांबली.

“सगळ्या बायांसमोर, आत्याबाई,” ती म्हणाली. “आता गावभर करतील त्या.”

“करतील,” साळूबाई म्हणाली. “पण खोटं सांगितलं तर पोरीलाच अडचण.”

पूजाचे डोळे भरले. “मला काय कळत नाय का? रोज रात्रीचं मी तिला म्हणती, आई म्हण, आई म्हण. ती मपल्या टिकलीकडं बघती. मपल्याकडं नाय.”

साळूबाईनं तेजूला तिच्या कडेवरून आपल्याकडं घेतलं. तिच्या डोळ्यांसमोर एक वेगळंच मनगट होतं, तिचंच, पण बारीक, काचेच्या बांगड्या घातलेलं.

तिचा धाकटा भाऊ पुंजाराम असंच धरायचा. त्याला कडी उघडून हवी असली की तो यायचा, साळूचं मनगट धरायचा आणि तिचा हात कडीवर ठेवायचा. पुंजाराम बोलला नाही तो नाहीच. सकाळी उठला की विहिरीवर जायचा आणि इंजिनाचं चाक फिरायला लागलं की त्याच्यासमोर उकिडवा बसून एकाच सुरात गुणगुणायचा. ऊन डोक्यावर आलं तरी उठायचा नाही. साळू त्याच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून यायची. तो बाजरीची भाकर खायचा आणि कांदा. भाकरीला कालवण लागलेलं त्याला चालायचं नाही. नवा सदरा अंगाला लागला की तो फाडून टाकायचा, म्हणून तिची माय नवा सदरा नदीवर न्यायची, दगडावर आपटायची, वाळूत घोळायची, पुन्हा आपटायची, असं करत करत तो जुन्यासारखा मऊ व्हायचा. मग पुंजाराम तो घालायचा. बाया हसायच्या, की हिनं नवं कापड पैसे देऊन आणलं आणि फुकट जुनं केलं. माय म्हणायची, “जाऊ द्या वं, तो काय कोनाले तरास देस?”

संध्याकाळी इंजिन बंद झालं की तो साळूच्या मागं मागं घरी यायचा. वाफ्यांच्या कडेकडेनं, तिच्या पावलावर पाऊल ठेवून. नदीवरून वारा यायचा, कांद्याची पात सळसळायची, आणि मागून त्याचं ते गुणगुणणं. लग्न होऊन ती निफाडकडं आली तेव्हा कितीतरी दिवस तिला मागं कोणी चालत नाही, ह्याचंच चुकल्यासारखं वाटायचं. रंगनाथला तिनं हे सांगितलं होतं. तो सासुरवाडीला गेला की पुंजारामशेजारी इंजिनासमोर बसून तंबाखू मळायचा. दोघं काही न बोलता तासन् तास बसायचे. रंगनाथ म्हणायचा, तुझ्या माहेरात तेवढा एकच माणूस आहे जो मला पिकाचा भाव विचारत नाही.

हे सगळं आठवत ती घरापर्यंत आली. आणि ह्याच्या पुढचं जे होतं, ते तिनं नेहमीसारखं आठवायचं टाळलं.

संध्याकाळी जेवताना तिनं शेखरला सांगितलं. शेखरनं घास खाली ठेवला.

“नाशिकला? ह्या दिवसांत?” तो म्हणाला. “बागेत काय चालू हे बघून राह्यली ना तू? एक दिवस फवारा चुकला तर बाग हातची जाईल. आणि पोरीला काय झालंय? शांत हे पोरगी. बोलंल.”

“डॉक्टरीण म्हणली, आत्ताच दाखवा.”

“त्यांचं कामच हे ते. लेकरं उशिरा बोलत नाय का? मी कवा बोललो?”

“तू वर्षाचा व्हायच्या आत भांडत होता,” साळूबाई म्हणाली.

शेखर उठला. हात न धुताच बाहेर गेला. रंगनाथनं आपलं ताट पुढं सारलं आणि पाण्याचा तांब्या उचलला. “टोळीकडं मी बघतो,” तो सुनेला म्हणाला. “तुमी दोघी जा. पहिली एसटी धरा.”

पहिली एसटी गच्च होती. तेजूनं साळूबाईच्या मांडीवर बसून सगळा वेळ खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं. नाशिकच्या दवाखान्यात ओळ जिन्यापर्यंत आलेली. वर पंखा करकरत होता, कुठंतरी फरशीवरून लोखंडी पलंग ओढत नेत होते. त्या आवाजानं तेजूनं कानांवर हात ठेवले आणि ती ओरडायला लागली. पूजा तिला गप्प करता करता घामानं भिजली. पोरगी मागं झोकून द्यायची, तिचं डोकं पूजाच्या हनुवटीवर आपटायचं. ओळीतली माणसं वळून वळून बघत होती.

“दोन फटके द्या, गप्प बसती का नाय बघा,” एक बाई म्हणाली. “लाडानं वाया घालवलंय.”

पूजाला रडू फुटायचंच बाकी होतं. साळूबाईनं नातीला घेतलं, पदर काढून तिच्या डोक्यावरून, कानांवरून घट्ट गुंडाळला आणि तोंड भिंतीकडं करून तिथंच फरशीवर बसली. उघड्या डोक्यानं चारचौघांत ती आयुष्यात कधी बसली नव्हती. पदराच्या अंधारात पोरीचा श्वास हळूहळू खाली आला. साळूबाई नकळत गुणगुणायला लागली होती. एकच सूर, वर नाही खाली नाही. तो कोणाचा, हे तिला पोरगी गप्प झाल्यावर कळलं.

त्या दिवशी कानांची तपासणी झाली. कान चांगले निघाले. पुन्हा बोलावलं. पुन्हा त्या गेल्या, तेव्हा एका खोलीत चटईवर खेळणी मांडली होती आणि पिकल्या केसांच्या डॉक्टर बाई स्वतः चटईवर बसल्या होत्या. त्यांनी साबणाचे फुगे उडवले, मग नळी तोंडाशी धरून नुसत्या थांबल्या. तेजूनं फुग्यांकडं बघितलं, नळीकडं बघितलं, बाईंकडं नाही. मग ती उठून आली आणि तिनं बाईंचं मनगट धरलं.

माझ्याच एकटीचं नाही, साळूबाईला वाटलं. हिला हात हवा, कोणाचाही.

बऱ्याच वेळानं बाईंनी दोघींना जवळ बसवलं. “ह्याला ऑटिझम म्हणतात,” त्या म्हणाल्या. “मराठीत स्वमग्नता. तिला माणसं नकोत असं नाही. माणसापर्यंत यायची वाट तिला आपल्यासारखी आपोआप सापडत नाही, दाखवावी लागते. गोळी नाही ह्यावर. शिकवणं आहे, रोजचं. ती लहान आहे, हे चांगलं आहे.”

“मोबाइल बघितल्यानं झालं का?” पूजानं विचारलं. “मपल्या आईनं सांगितलं, तू गरोदरपणात ग्रहण पाळलं नाय.”

“कशानंही नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. घरात कोणी असं होतं का? माहेरी, सासरी?”

पूजानं मान हलवली. “नाय.”

साळूबाईनं दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. बोललं तर उद्या सुनेच्या माहेरची माणसं म्हणणार, सासूकडून आलं. पूजाही मनात म्हणेल. जन्मभर म्हणेल.

“होता,” ती म्हणाली. “मपला भाऊ.”

आणि मग तिला थांबता आलं नाही. इंजिन सांगितलं, भाकर सांगितली, वाळूत घोळलेला सदरा सांगितला. सांगताना ती हसलीही. डॉक्टर बाई ऐकत राहिल्या.

“त्यांना कोणाला दाखवलं होतं?”

“देवरुष्याला. त्यानं अंगारा दिला, आणि एकदा डाग दिला, इथं, पाठीवर. मग मायनं पुन्हा नेलं नाय.”

“आता कुठं असतात?”

हेच ती आठवायचं टाळत आली होती. “नाय आता. माय गेल्यावर दुसऱ्याच्या हातची भाकर खायचा नाय. मी जाऊन करून यायची, पण कितीक जाणार. एका हिवाळ्यात इंजिनापाशी बसायचा बंद झाला. दुसरा भाऊ आणि भावजय म्हणाले, थंडी हे म्हणून आंथरुणात पडलाय. तो पोट धरून पडला होता. आतडं फुटलं होतं म्हणे. सटाण्याला नेईस्तोवर संपला. कुठं दुखतंय ते त्याला सांगता आलं नाय, बाई. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवता येतं हे आमाला माहीतच नव्हतं.”

पूजानं सासूच्या डोक्यावरून घसरलेला पदर उचलून नीट केला.

“ही कविता म्हणंल असं मी नाय म्हणत,” साळूबाई डॉक्टर बाईंना म्हणाली. “पोट दुखलं तर पोट म्हणावं. तेवढं येईल का?”

“बोलून येईल, का चित्र दाखवून, का खुणेनं, ते आज सांगता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण सांगायला शिकेल, त्यासाठीच आपण बसलोय. आणि आजी, ती मनगट धरते ना, ते बंद करू नका. ती तुमच्यापर्यंत आली आहे. तिथूनच पुढं न्यायचं. लगेच झाकण उघडू नका. तिच्या तोंडासमोर तोंड आणा, एकच शब्द बोला आणि थांबा.”

घरी आल्या तेव्हा दिवस मावळायला आला होता. शेखर ब्लोअर धूत होता. “काय म्हणले?” त्यानं विचारलं. पूजानं सांगितलं. त्यानं पाण्याची नळी बंद केली आणि बागेत चालता झाला. थोड्या वेळानं साळूबाई चहा घेऊन त्याच्या मागं गेली. तो दोन ओळींच्या मधे, मांडवाच्या डांबाला पाठ लावून बसला होता.

“मामासारखी हे म्हणायचं आता ती?” तो म्हणाला.

“हो.”

“तुला इंजिनच आठवतं, आई. मला काय आठवतं माहीत हे? मी सुट्टीला मामाच्या गावी गेलेलो. गल्लीतली पोरं त्याच्या मागं लागलेली. येडा पुंज्या, येडा पुंज्या. ढेकळं मारू राह्यली होती. तो पळतबी नव्हता. नुसता कानांवर हात ठेवून उभा. आणि मी.” तो थांबला. “मी लहान होतो. मी घरात पळून आलो. मपल्या पोरीला तेच नाव लागणार. तुमी दवाखान्यात जाऊन ते लावून आल्या.”

साळूबाई त्याच्याजवळ चिखलातच बसली. चहा गार होत होता.

“नाव त्याला तसंच लागलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “दवाखान्यात न जाता लागलं. दुसरं काही नाव नव्हतं म्हणून लोकांनी ते दिलं.”

शेखर गुडघ्यात मान घालून बसला. त्याच्या खांद्यांची हालचाल दिसत होती. साळूबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्याला औषधाचा उग्र वास येत होता. वर झटकायचा राहिलेला एक घड थेंब थेंब गळत होता.

“ती मपल्याकडं येतच नाय,” तो शेवटी म्हणाला. “ट्रॅक्टरवर बसवतो, बसती. उतरवलं की जाती. मी आहे का नाय, तिला फरक नाय.”

“आपणच जायचं तिच्याकडं. बाई तेच म्हणल्या.”

पाऊस उघडला. निम्मी बाग वाचली. उरलेल्या घडांची विरळणी झाली, औषधाच्या पाण्यात घड बुडवायचं डिपिंग झालं, थंडी जोरात पडली तेव्हा शेखर ओळीओळीनं शेकोट्या पेटवून बसला. दर आठवड्याला नाशिकची फेरी सुरू झाली. आधी पूजा आणि साळूबाई एसटीनं जायच्या. एकदा एसटी चुकली म्हणून शेखरनं पिकअप काढली, आणि मग तोच नेऊ लागला. पहिल्यांदा तो गाडीतच बसून राहिला. पुढच्या वेळी दारापर्यंत आला. माल काढणी संपल्यावर एका दुपारी साळूबाई पडवीत आली तर शेखर जमिनीवर पालथा पडलेला, हनुवटी फरशीला टेकवून, आणि समोर तेजू टोपणं मांडत होती. तो एक टोपण तिच्यासमोर धरायचा, म्हणायचा “दे,” आणि वाट बघायचा. ती बघायची नाही. तो पुन्हा धरायचा. साळूबाई पाऊल न वाजवता मागं फिरली. एवढा दांडगा पोरगा असा पालथा पडलेला तिनं तो रांगत होता तेव्हा बघितला होता.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. तिच्या माहेरी आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. गेली कित्येक वर्षं ती गेली नव्हती. माय नाही, पुंजाराम नाही, जाऊन काय करायचं. ह्या वर्षी तिनं स्वतःच सांगितलं, मी जाणार आणि पोरीला नेणार. पूजाही निघाली.

गाव बदललं होतं. विहिरीवर आता मोटार होती, इंजिनाच्या जागी नुसता ओटा उरला होता, त्याच्यावर तेलाचे जुने काळे डाग. नदीला पाणी नव्हतं. भावजय म्हातारी झाली होती. तिनं तेजूकडं बराच वेळ बघितलं. पोरगी ओट्यावर बसून मोटारीच्या आवाजाकडं कान देऊन होती.

“आपला पुंजाराम जसा शे,” भावजय हळूच म्हणाली.

“तसीच शे,” साळूबाई म्हणाली. तिनं आवाज खाली केला नाही. “ऑटिझम म्हनतस त्याले. दवाखानामा शिकाडतस.”

भावजय डोळे पुसत म्हणाली, “आपले मालूम नव्हतं वं, बाई.”

“नव्हतं,” साळूबाई म्हणाली.

दुपारी निंबाला झोके बांधले. लेकीबाळी जमल्या, गाणी सुरू झाली. त्या कलकलाटात तेजूनं कानांवर हात ठेवले, तशी साळूबाई तिला घेऊन बाजूला झाली. सगळ्या जेवायला गेल्यावर दोघी परत आल्या. निंबाखाली सावली, गळलेला पिवळा पाला, वारा. साळूबाईनं पोरीला फळीवर बसवलं आणि हलकेच झोका दिला. तेजूनं दोर घट्ट धरले. तिचे केस मागं उडाले, पुढं आले. साळूबाईला वाटलं, हा वारा तोच आहे, एवढा एकच जसाच्या तसा राहिला आहे. तिनं झोका थांबवला आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणं पोरीच्या तोंडासमोर वाकली. घरी त्या ‘अजून’ म्हणायच्या. पण इथं, ह्या झाडाखाली, तिच्या तोंडून मायचाच शब्द निघाला.

“आखो?”

ती थांबली. तेजू तिच्या मनगटाकडं बघत होती. हात पुढं आला, अर्ध्यात थांबला. मग तिनं मान वर केली. क्षणभरच, पण डोळ्यांकडं.

“आखो,” तेजू म्हणाली.

आवाज जाड होता, अनोळखी. साळूबाईनं झोका दिला. मागं पूजा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला अहिराणी येत नव्हती.

“आत्याबाई, काय म्हणली ती?”

“अजून म्हणली,” साळूबाई म्हणाली. “आमच्याकडचं हे ते.”

पूजा तिथंच मातीत बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

त्यांनी शेखरला फोन केला. मग तो रोज संध्याकाळी फोन करू लागला. चार-पाच दिवस गेले. तेजू झोक्यावर बसायची, दोर धरायची, थांबल्यावर मनगटाकडं बघायची, कधी धरायचीही. शब्द पुन्हा आला नव्हता.

“आई, परत बोलली का?” शेखरनं विचारलं.

“नाय.”

पलीकडून तो म्हणाला, “मग?”

“मग काय,” साळूबाई म्हणाली. फोन तिनं खांद्यानं कानाशी दाबून धरला होता, दोन्ही हात मोकळे हवे होते. “झोका देऊ राह्यलो आमी.”